जुनं सीएनसी प्लाझ्मा टेबल (१५०० × ३०००) घेताना काय काय तपासावं?

ट्रॉलीवाला
मंडळी, वापरलेलं सीएनसी प्लाझ्मा टेबल (प्रोग्रॅमवर चालून विजेच्या आर्कने लोखंडी प्लेट कापणारं मशीन) बघण्यात आहे. तपशील असा:
कटिंग एरिया १५०० × ३००० मिमी. दोन्ही बाजूंनी चालणारी गॅन्ट्री (टॉर्च वाहून नेणारा आडवा पूल), रॅक-पिनियन (दातेरी पट्टी आणि तिच्यावर फिरणारं दातेरी चाक), स्टेपर मोटर. कंट्रोलर चिनी, सात इंची स्क्रीनचा, प्रोग्रॅम पेनड्राइव्हने जातो. प्लाझ्मा सोर्स (आर्कला वीज पुरवणारं मशीन) एलजीके-१००, टॉर्च पी-८०. टॉर्चची उंची सांभाळणारं टीएचसी वेगळ्या डब्यात. खाली पाण्याचा ट्रे. कॉम्प्रेसर आणि एअर ड्रायर व्यवहारात नाहीत. मालक पावणेपाच लाख म्हणतोय.
आमचं काम ऊस ट्रॉलीचे ब्रॅकेट, गसेट, बेस प्लेट. आयएस २०६२ ची (साध्या स्ट्रक्चरल स्टीलची) प्लेट, ८ ते १६ मिमी. सध्या हे सगळं गॅस कटिंगवर होतं आणि अर्धा दिवस ग्राइंडिंगमध्ये जातो.
बघायला जाताना काय तपासायचं आणि ही किंमत ठीक आहे का, ते सांगा.

गुण्या_ओळंबा
किमतीचं शेवटी बघा. आधी एक डोक्यात पक्कं करा: तुम्ही टेबल घेत नाही आहात, सोर्स आणि टॉर्च घेताय. सांगाडा, रॅक, मोटर हे सगळं स्थानिक पातळीवर दुरुस्त होतं. सोर्सचा पॉवर मॉड्यूल गेला तर अर्धा व्यवहार गेला.

दुसरं, १५०० × ३००० हे माप कागदावर बरं दिसतं. बाजारात प्लेट १५०० × ६३०० मिळते. मधोमध कापली की ३१५० चे दोन तुकडे, आणि तुमचा एरिया ३०००. दोन्ही टोकांना गॅन्ट्री किती मिमी जास्त जाते ते जागेवर मोजा. बऱ्याच टेबलांवर लिमिट स्विच सरकवून १०० ते १५० मिमी मिळतात. नाही मिळाले तर प्लेट दुकानातच मापात कापून आणायची, नाहीतर प्रत्येक तुकड्यामागे १५० मिमीची पट्टी भंगारात.

तिसरं, वजन. १५०० × ३००० ची १० मिमी प्लेट ३५३ किलो, १६ मिमीची ५६५ किलो. ट्रेमध्ये १५० मिमी पाणी भरलं तर तेच पावणेसातशे लिटर. सांगाडा कशाचा आहे आणि पाय किती आहेत ते मोजा. पातळ चौकोनी पाइपवर वेल्ड केलेलं हलकं टेबल असेल तर प्लेट टाकली की रूळ खाली बसतात. रूळ टेबलापासून वेगळ्या पायांवर असतील तर उत्तम.

आर्क_व्होल्ट
सोर्सबद्दल लिहितो.

एलजीके-१०० आणि पी-८० हे हाय फ्रिक्वेन्सीने आर्क सुरू करणारं जोडकाम. पी-८० चे इलेक्ट्रोड-नोझल कुठल्याही वेल्डिंगच्या दुकानात मिळतात, ही मोठी जमेची बाजू. नोझलच्या भोकाची मापं साधारण अशी: ६० अँपिअरला १.१ मिमी, ८० ला १.३, १०० ला १.५. बघायला गेलात की टॉर्च उघडायला सांगा. १.१ चं नोझल लावून १०० अँपिअरवर चालवत असतील तर त्या मशीनची पुढची सगळी गोष्ट तुम्हाला कळली.

नेमप्लेट वाचा. यातले बरेच सोर्स ३८० व्होल्टचे असतात. आपल्याकडे नाममात्र ४१५, आणि रात्री लोड उतरला की एमआयडीसीत ४४० सुद्धा दिसतं. ३८० अधिक १० टक्के म्हणजे ४१८. तिथे ओव्हरव्होल्टेजचा दिवा तरी लागतो, नाहीतर आतले कपॅसिटर हळूहळू फुगतात. झाकण काढून कपॅसिटरची डोकी बघा, सपाट असायला हवीत. पंख्यासमोरच्या हीटसिंकवर लोखंडाची काळी धूळ चिकटलेली असणारच. पण ती सर्किट बोर्डवर थराने बसली असेल तर धोका, कारण ती धूळ वीज वाहून नेते.

१६ मिमीबद्दल स्पष्ट सांगतो. १०० अँपिअरच्या एअर प्लाझ्माने १६ कापली जाते, पण मधोमध पिअर्सिंग (आर्कने आरपार भोक पाडून सुरुवात) करायला १२ मिमी ही व्यवहारातली हद्द धरा. त्यापुढे पिअर्सिंगचा वितळलेला माल वर उडून नोझलवर बसतो. एका दिवसात तीन-चार नोझल जातील. १६ ला कडेवरून सुरुवात करा, किंवा आधी ६ मिमीचं ड्रिल मारून तिथून आत शिरा.

हवापाणी
"कॉम्प्रेसर आणि ड्रायर व्यवहारात नाहीत" हे वाक्य तुम्ही शेवटी लिहिलंत, माझ्या मते ते पहिलं हवं होतं. 😄

या सोर्सला साधारण २०० लिटर प्रति मिनिट हवा लागते, म्हणजे ७ सीएफएम, साडेचार ते पाच बारवर. ही हवा सतत लागते. ५ एचपीचा पिस्टन कॉम्प्रेसर पुरतो, पण तो बराच वेळ चालेल, म्हणून गरम हवा सोडेल आणि गरम हवेत पाणी जास्त. क्रम असा ठेवा: कॉम्प्रेसर, आफ्टरकूलर, टाकी (किमान ३०० लिटर, ऑटो ड्रेनसह), रेफ्रिजरेटेड ड्रायर, मग धुळीचा फिल्टर, मग तेल पकडणारा कोअॅलेसिंग फिल्टर, आणि रेग्युलेटर सोर्सला लागून. ड्रायर टाकीच्या आधी बसवला तर तो गरम हवेशीच झुंजत बसतो.

सोर्सला जाणारी हवेची पाइप आतून अर्धा इंच ठेवा. पाव इंची पाइप असली की गेज सोर्सच्या तोंडाशी ५ बार दाखवतं आणि हवा सुटली की ३.५ वर येतं. प्रेशर नेहमी हवा वाहत असताना वाचायचं.

पाणी येतंय का बघायला सोर्समागची पाइप सोडून एक मिनिट हवा पांढऱ्या सुती कापडावर मारा. ओलसर डाग किंवा पिवळट तेल दिसलं तर इलेक्ट्रोड टिकणार नाही. विक्रेत्याकडे वापरलेले इलेक्ट्रोड डब्यात पडलेले असतातच, मूठभर उचलून बघा. टोकातल्या हाफ्नियम धातूचा खड्डा मधोमध गोल असेल तर हवा चांगली होती. खड्डा एका बाजूला सरकलेला आणि नोझल आतून काळं असेल तर पाणी, तेल किंवा हवेला फिरकी देणारी रिंग फुटलेली. विक्रेता काहीही सांगो, तो डबा खोटं बोलत नाही.

शिरोली_फॅब
सगळे बरोबर बोलताय, पण राव, जरा भाव पण बघा की. हवेचा संच नवा घ्यायचा, सर्व्हो स्टॅबिलायझर घ्यायचा, हायड्रा क्रेन लावून उतरवायचं, अर्थिंगचा खड्डा करायचा. हे सगळं पावणेपाचच्या वर. माझा हिशेब साधा असतो: सोर्स चालू असेल तर नव्या एलजीके-१०० च्या निम्मे, नसेल तर शून्य. सांगाड्याला भंगाराच्या भावाने किलोवर, वर मजुरी. रूळ, मोटर, ड्रायव्हर, कंट्रोलर यांना नव्याच्या ४० टक्के. बेरीज करा आणि तिथून खाली बोला. जुनी प्लाझ्मा टेबलं आता बाजारात बरीच येतायत, कारण ६ मिमीच्या आतलं काम फायबर लेझरच्या जॉबवर्ककडे गेलंय. विकणाऱ्याला घाई जास्त आहे, तुम्हाला नाही.

ट्रॉलीवाला
@शिरोली_फॅब मग ८ ते १६ ला लेझर जॉबवर्कच बरं पडेल का?

शिरोली_फॅब
८ मिमीपर्यंत दर विचारून ठरवा, कड लेझरचीच चांगली. १० च्या वर रोज दोन-तीन प्लेट निघत असतील तर स्वतःचं प्लाझ्मा. आठवड्याला दोन प्लेट असतील तर टेबल उभं राहून गंजेल, त्यापेक्षा जॉबवर्क. ते पाणी भरलेलं टेबल पावसाळ्यात दोन महिने उभं राहिलं की वास येतो तो वेगळाच विषय.

गुण्या_ओळंबा
चालू मशीनवर काय करायचं ते क्रमाने देतो. सोबत ५ मीटरची टेप, गुण्या, व्हर्नियर, चुंबकाच्या स्टँडवरचं डायल गेज, जाड मार्कर, एक ७०० × ४०० चा १० मिमी प्लेटचा तुकडा आणि स्वतःचा पेनड्राइव्ह. विक्रेत्याची प्लेट आणि विक्रेत्याचा प्रोग्रॅम नको. तो त्याने शंभर वेळा कापलेला असतो.

आधी बंद मशीन. गॅन्ट्री हाताने ढकला. पूर्ण लांबीत सारखीच जड लागली पाहिजे. एका ठिकाणी अडखळत असेल तर रुळात खड्डा किंवा रॅकच्या जोडावर दाता पुढेमागे. रॅकचे तुकडे जोडलेले असतात, जोड नखाने चाचपा. पिनियनचे दाते बघा, टोकदार झालेले असतील तर बदलायचे. पिनियन स्प्रिंगने रॅकवर दाबलेलं असतं, ती स्प्रिंग हाताने मागे ओढून बघा, ढिली नको.

मग मोटर लॉक करून डायल गेज गॅन्ट्रीला टेकवा आणि हाताने पुढेमागे ढकला. ०.१ ते ०.२ मिमी खेळ चालेल. ०.५ असेल तर गोल भोक अंड्यासारखं येणार.

मग टॉर्चच्या जागी मार्कर बांधून प्लाझ्मा बंद ठेवून १२०० × २४०० चा चौकोन काढा. बाजू मोजा, दोन्ही कर्ण मोजा. कर्ण २६८३.३ मिमी यायला हवा. बाजू चुकली तर स्टेप सेटिंगचा प्रश्न, तो कंट्रोलरमध्ये दोन मिनिटांत सुटतो (जुनी संख्या × हवं ते माप ÷ आलेलं माप). बाजू बरोबर आणि कर्ण वेगळे असतील तर गॅन्ट्री गुण्यात नाही.

शेवटी एका कोपऱ्यात टिंब काढून पूर्ण वेगाने वीस वेळा पुढेमागे पळवा आणि त्याच टिंबावर परत आणा. अर्ध्या मिमीपेक्षा जास्त हुकलं तर मोटर स्टेप गाळतेय.

हे सगळं झाल्यावर आर्क. आधी नाही.

कर्फवाला
आर्कच्या चाचणीचा प्रोग्रॅम: ३०० × ३०० चा चौकोन, आत १२, १६, २० आणि २५ मिमीची चार भोकं, १० मिमी प्लेटवर. १०० अँपिअर, १.५ नोझल, वेग १२०० ते १४०० मिमी/मिनिट इथून सुरुवात. पिअर्सिंगची उंची ५ ते ६, कटिंगची २.५ ते ३.

बाहेरची कड घड्याळाच्या दिशेने, भोकं उलट दिशेने कापली जातायत का बघा. हवेच्या फिरकीमुळे टॉर्चच्या पुढे जाण्याच्या दिशेची उजवी बाजू सरळ येते, डावी तिरपी. दिशा उलटी असेल तर तिरपी कड तुमच्या मालाला आणि सरळ कड भंगाराला. हा दोष मशीनचा नाही, प्रोग्रॅम करणाऱ्याचा, पण त्यामुळे चांगलं मशीन वाईट वाटतं.

खालचा स्लॅग (कडेला चिकटलेला वितळलेला माल) वाचा. जाड, फुगीर, हातोडीच्या एका टोल्याने पडणारा असेल तर वेग कमी. बारीक दोऱ्यासारखा, ग्राइंडर लावल्याशिवाय न निघणारा असेल तर वेग जास्त. चारही बाजूंना सारखाच तिरपेपणा म्हणजे उंची चुकलीय: वरून अरुंद खालून रुंद तुकडा असेल तर टॉर्च जास्त वर. एकाच बाजूला तिरपेपणा म्हणजे टॉर्च ओळंब्यात नाही किंवा नोझलचं भोक अंडाकृती.

१२ चं भोक नीट येणार नाही. ते बघून व्यवहार मोडू नका. एअर प्लाझ्माला जाडीच्या दीडपट भोक ही माझी खालची मर्यादा. भोकाला वेग ६० टक्के करा, टीएचसी बंद ठेवा. टीएचसी चालू असेल तर वेग उतरला की व्होल्टेज बदलतं आणि टॉर्च खाली डुबकी मारते. बोल्टसाठीच्या भोकांना मी प्लाझ्माने फक्त खूण करतो आणि ड्रिल मारतो. आणि हो, प्लाझ्माने कापलेल्या भोकात टॅप मारायला जाऊ नका, कड कडक झालेली असते, टॅप तुटतो.

वेल्डर_ताई
कर्फवाला, एक भर. हवेच्या प्लाझ्माने कड नायट्रोजन शोषते. त्या कडेवर थेट वेल्ड मारला की आत सच्छिद्रता येते, मिगवर जास्त दिसते. गसेट आणि ट्रॉलीच्या चॅसिसचे तुकडे वेल्डला जाणार असतील तर कडेवरून पाव ते अर्धा मिमी ग्राइंड करा. ट्रॉलीवाले दादा, "ग्राइंडिंग वाचेल" हा तुमचा हिशेब अर्धाच खरा. स्लॅग काढायचं ग्राइंडिंग वाचेल, कडेचं नाही.

ट्रॉलीवाला
ताई, हे लक्षात नव्हतं, धन्यवाद.
मशीन बघून आलो, चाचण्यांचे आकडे देतो:
चौकोन १२०० × २४००, बाजू अगदी बरोबर. कर्ण २६८६ आणि २६८१.
टिंबावर परत येणं ०.२ मिमीच्या आत.
खेळ ०.१५.
मार्करने सगळं व्यवस्थित. पण प्लाझ्मा चालू केला की तीनपैकी एकदा आर्क पेटताना स्क्रीनवर लिमिटचा अलार्म येतो आणि मशीन थांबतं. एकदा कंट्रोलर आपोआप रीस्टार्ट झाला. विक्रेता म्हणतो "आज लाइट वर-खाली आहे".
१० मिमी तुकडा कापला, चौकोनाची एक बाजू जरा तिरपी. सोर्स ३८० व्होल्टचा आहे, आर्क_व्होल्टनी सांगितल्याप्रमाणे. कपॅसिटर सपाट.

गुण्या_ओळंबा
दोन्ही बाजूंच्या रुळांमधलं अंतर मोजलंत का?

ट्रॉलीवाला
हो, मधोमध ते मधोमध २००० मिमी. रॅक मॉड्यूल १.५.

गुण्या_ओळंबा
मग हे सोपं आहे. हिशेब बघा.
कर्णांतला फरक ५. कर्णांची बेरीज ५३६७. गुणाकार २६,८३५. याला चार गुणिले १२०० गुणिले २४००, म्हणजे १,१५,२०,००० ने भागा. ०.००२३३ येतं. हा गॅन्ट्रीचा तिरपेपणा, दर मिमीमागे. २००० मिमी रुंदीवर ४.६६ मिमी.
मॉड्यूल १.५ च्या रॅकचा एक दाता १.५ × ३.१४१६ = ४.७१ मिमी.
टेप वाचण्यातली चूक धरली तर हे तंतोतंत एक दाता आहे. एका बाजूचं पिनियन एक दाता सरकलंय. सांगाडा वाकलेला नाही.

दुरुस्ती: मोटरची वीज बंद. मार्करच्या चौकोनावरून कुठला कर्ण मोठा ते बघा, त्यावरून कुठली बाजू पुढे गेलीय ते कळतं. त्या बाजूच्या मोटर प्लेटचा बोल्ट ढिला करा, स्प्रिंग मागे ओढा, पिनियन रॅकमधून सोडवा, गॅन्ट्रीची ती बाजू एक दाता मागे आणा, पिनियन परत बसवा. पुन्हा चौकोन काढा. फरक १ मिमीच्या आत यायला हवा. उरलेला मोटर प्लेटच्या लांबट भोकांत सरकवून निघतो.

पण पिनियन सरकलं का, हे शोधा. बहुतेक वेळा टॉर्च उभ्या राहिलेल्या तुकड्याला धडकते आणि गॅन्ट्री एका बाजूने अडते. त्या बाजूची स्प्रिंग ढिली असणार, किंवा पिनियनचा ग्रब स्क्रू शाफ्टवर घसरलेला. चावीचा खाचा आहे की नुसता ग्रब स्क्रू, तेही बघा.

आर्क_व्होल्ट
आणि अलार्मचं कारण लाइट नाही. मार्करने नीट चालतं आणि फक्त आर्क पेटताना अलार्म येतो, म्हणजे हाय फ्रिक्वेन्सीचा गोंगाट. पेटतानाचा तो काही हजार व्होल्टचा झटका टॉर्चच्या वायरमधून बाहेर उधळतो, लिमिट स्विचच्या लांब वायरी अँटेनासारखं तो पकडतात.

क्रम असा घ्या. आधी अर्थिंग. टेबलाच्या सांगाड्यावर एक तांब्याची पट्टी, तिला सोर्सचं अर्थ, कंट्रोलरचा डबा, गॅन्ट्री आणि सोर्सचा वर्क क्लॅम्प, सगळे तिथेच एका ठिकाणी. तिथून २५ चौरस मिमी तांब्याची वायर वेगळ्या अर्थ खड्ड्याला. कारखान्याच्या अर्थिंगवर अवलंबून राहू नका. खड्ड्याचा रोध ३ ओहमच्या आत आणा. गॅन्ट्री रुळावर बेअरिंगने फिरते, तेव्हा तिला सांगाड्याशी लवचीक वेणीच्या वायरने जोडा, बेअरिंगमधून अर्थ मिळत नाही.
वर्क क्लॅम्प रुळाला किंवा गॅन्ट्रीला लावलेला असेल तर काढा, प्लेटला किंवा पट्ट्यांच्या चौकटीला लावा. नाहीतर करंट बेअरिंगमधून जातो आणि ती खराब होतात.
टॉर्चची केबल आणि मोटर-लिमिटच्या वायरी एकाच साखळीत गुंडाळलेल्या असतील तर वेगळ्या करा, ३०० मिमी अंतर. ते जमत नसेल तर किमान एकमेकांना काटकोनात जातील असं करा.
लिमिटच्या वायरी जाळीवाल्या घाला, जाळी फक्त कंट्रोलरच्या बाजूला अर्थ करा. दोन्ही टोकांना केली तर पुन्हा तोच ताप.
कंट्रोलरला वेगळा २३० व्होल्ट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, ५०० व्हीए पुरतो.

एवढ्याने दहापैकी आठ टेबलं शांत होतात. उरलेल्या दोनांना सोर्स बदलावा लागतो.

कर्फवाला
म्हणूनच मी हाय फ्रिक्वेन्सीवाला सोर्स सीएनसीवर घेऊच नये म्हणतो. पॉवरमॅक्स ६५ किंवा ८५ सारखा हवेच्या धक्क्याने आर्क सुरू करणारा सोर्स घ्या, हा विषयच संपतो. वर कंट्रोलरसाठी वेगळा सॉकेट येतो, आर्क लागल्याचा सिग्नल आणि विभागलेलं व्होल्टेज तयार मिळतं.

आर्क_व्होल्ट
मान्य, पण जुना पॉवरमॅक्स घेणाऱ्याने दोन गोष्टी तपासाव्यात. मागच्या सॉकेटमधलं व्होल्टेज किती ने भागलेलं आहे, ५० की २० की ३०, ते आतल्या छोट्या स्विचवर ठरतं. टीएचसी ५० समजतोय आणि सोर्स २० ने भागतोय तर टॉर्च प्लेटमध्ये घुसेल, आणि लोक टीएचसीला शिव्या देतील. दुसरं, हातात धरायची वाकडी टॉर्च नको, सरळ मशीन टॉर्च हवी. ८५ ला मशीनवर पिअर्सिंग २० मिमीपर्यंत, पिअर्सिंग उंची ३.८, कटिंग १.५. इलेक्ट्रोडचा खड्डा १.६ मिमी खोल झाला की फेकायचा. दोष दाखवणारे आकडे स्क्रीनवर येतात: ०-५० म्हणजे टोपी सैल, ०-३० म्हणजे आतला भाग अडकलाय, ०-६० म्हणजे येणाऱ्या विजेचा दोष. सर्व्हिस मेनूत किती तास आर्क चाललाय ते निघतं, ते बघूनच बोलणी करा.
पण ट्रॉलीवाले दादांचा विषय एलजीके आहे. तिथे उगाच महागडा सल्ला नको.

हवापाणी
एक बाजूला तिरपी कड, हे लिहिलंय त्यावर कुणी बोललं नाही. नोझल बदलून पुन्हा कापलं का?

ट्रॉलीवाला
नाही. नोझल जुनंच होतं.

कर्फवाला
नवं इलेक्ट्रोड, नवं नोझल, नवी फिरकी रिंग घालून पुन्हा कापा. तरी तीच बाजू तिरपी असेल तर टॉर्चला दोन दिशांनी गुण्या लावा. टॉर्चचा होल्डर धडकल्यामुळे वाकला असेल. पिनियन सरकलंय म्हणजे धडक झालेलीच आहे.

आणि टीएचसी लावताना पुस्तकातला आकडा घालू नका. नवे भाग घाला, टीएचसी बंद करा, उंची ३ मिमी हाताने लावून सरळ रेष कापा, त्या वेळी स्क्रीनवर जो व्होल्टेज दिसतो तो लिहून ठेवा, तोच सेट करा. १० मिमीला साधारण १२० ते १३० च्या दरम्यान कुठेतरी येईल. इलेक्ट्रोड झिजत गेला की त्याच व्होल्टेजला टॉर्च हळूहळू खाली येते, १ व्होल्ट म्हणजे साधारण ०.१ ते ०.१५ मिमी. म्हणून दिवसभरात दोन-तीन व्होल्ट वाढवत जायचं. आर्कला हिरवट झाक आली की तांबं जळतंय, त्या क्षणी थांबवा, नाहीतर इलेक्ट्रोडबरोबर टॉर्चचं डोकंही जातं.

पेनड्राइव्ह_काका
सॉफ्टवेअर कुणी विचारलं नाही. अशा टेबलांबरोबर नेस्टिंगचं (एका प्लेटवर तुकडे मांडायचं) सॉफ्टवेअर आणि त्याचा यूएसबी डाँगल (ते उघडायची किल्ली) येतो. डाँगल हरवलेला असतो, किंवा सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीवरच्या जुन्या पीसीत अडकलेलं असतं. आत्ताच मागून घ्या, नंतर फोन उचलत नाहीत.
नसलाच तरी घाबरू नका. डीएक्सएफ (ड्रॉइंगची) फाइल शीटकॅम सॉफ्टवेअरमध्ये टाकून जी-कोड, म्हणजे मशीनचा प्रोग्रॅम, निघतो. फक्त पोस्ट प्रोसेसर (कंट्रोलरच्या भाषेत जी-कोड काढणारी सेटिंग) जुळला पाहिजे. स्टारफायर, फँगलिंगसारख्या चिनी कंट्रोलरवर आर्क चालू एम०७, बंद एम०८. पीसीवरून मशीन चालवणाऱ्या मॅक-३ सॉफ्टवेअरवर एम०३, एम०५. चुकीचा पोस्ट निवडला की गॅन्ट्री आकार काढून येते आणि आर्क पेटतच नाही, मग लोक सोर्स उघडून बसतात.
पेनड्राइव्ह ८ जीबीच्या आतला, फॅट-३२. फाइलचं नाव छोटं, इंग्रजी अक्षरांत. आणि कंट्रोलरचे सगळे पॅरामीटर स्क्रीन मोबाइलवर फोटो काढून ठेवा, ड्रायव्हरवरच्या छोट्या स्विचांचेही. बॅटरी उतरली की सगळं फॅक्टरी सेटिंगला जातं, आणि विक्रेत्याला तेव्हा काहीच आठवत नाही.

वेल्डर_ताई
पाण्याच्या ट्रेवर अॅल्युमिनियम कापू नका, कुणी "एकच तुकडा आहे" म्हणालं तरी. गरम अॅल्युमिनियमचा स्लॅग पाण्यात पडून हायड्रोजन सोडतो, तो प्लेटखाली साचतो आणि पुढचा आर्क त्याला पेटवतो. तळाशी साचलेला जुना गाळही गॅस सोडत राहतो.
लोखंडासाठी पाणी प्लेटच्या ३० ते ५० मिमी खाली ठेवा. प्लेटला टेकलं तर खालची कड खरबडीत येते. गंज थांबवणारं औषध पाण्यात घाला. गॅल्व्हनाइज्ड आणि स्टेनलेस कापताना पाणी असलं तरी धुराला मास्क लागतोच. डोळ्यांसाठी गडद काचेची शेड ९.

शिरोली_फॅब
कागदपत्रांचं राहिलं. मशीन बँकेच्या कर्जावर घेतलेलं असेल तर ते तारण असतं. बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय ट्रकवर चढवू नका. जीएसटी बिल पक्कं, ई-वे बिल त्याच्याकडून.
उतरवताना गॅन्ट्री वेगळी काढा, टेबलावर ठेवून आणू नका, रुळांना दणके बसतात. काढण्याआधी दोन्ही बाजूंना पिनियन ज्या दात्यावर आहे तिथे रॅकवर पंचने खूण करा. खडूची खूण ट्रकात पुसते.

ट्रॉलीवाला
सगळ्यांना धन्यवाद. विक्रेत्याला पुढच्या खेपेला पिनियन सरकवून दाखवायला आणि नवं नोझल घालायला सांगितलंय. अलार्मबद्दल तो म्हणतो, "अर्थिंग तुम्ही तुमच्याकडे करून घ्या."
साडेतीनवर बोलू का?

शिरोली_फॅब
अलार्म तसाच ठेवून द्यायचा म्हणत असेल तर साडेतीन पण जास्त. त्याला सांगा, टेबलाशेजारी एक तात्पुरती अर्थ रॉड ठोक, दहा फुटी, आणि कंट्रोलर, सोर्स, सांगाडा त्याला जोड. अर्ध्या तासाचं काम आहे. मग सलग वीस पिअर्सिंग कर. वीसही न थांबता झाली तर साडेतीनला हो म्हणा. झाली नाहीत तर सोर्स सोडून बाकीचं मागा, तो वेगळा भाव.

गुण्या_ओळंबा
वीस पिअर्सिंग गार मशीनवर सुरू करा. पोचायच्या आधीच त्याने तापवून ठेवलेलं नसावं. सोर्सला हात लावून बघा.